नऊ आसनांची गाडी आणि एवारिस्तचं वजन

बूझीग, रविवार सकाळ

प्रिय सिदोनीताईस,

मोरिसेतचा नमस्कार आणि नेहमीप्रमाणे गालांवर तीन पाप्या. तुझा खोकला आता कसा आहे? मावशी म्हणाली की तू तो मध चाटलास आणि दोन दिवसांत मोकळी झालीस. (मध आमच्या ऑर्तांसच्या पोळ्यांतला होता, हे मावशीने सांगितलं नसणार. स्वतःच्या कपाटातून काढून दिल्यासारखं सांगितलं असेल.) जर्दाळूला यंदा फळ आहे का? तुझा बोका सुलतान अजून शेजाऱ्यांच्या ताटातच जेवतो का? अल्सिद तुला आठवण सांगतो आहे. म्हणजे तो आत्ता माझ्या शेजारी खुर्चीत झोपला आहे, पण जागा असता तर सांगितलीच असती. आमची दोघांची तब्येत उत्तम आहे. पत्रास कारण तसं काहीच नाही. समोर पाण्याचा मोठा तलाव आहे, त्यात शिंपल्यांचे मांडव उभे आहेत, टेबलावर कालच्या लग्नातली अर्धी बाटली उरली आहे, आणि दुपारच्या जेवणाला वेळ आहे. अशा वेळी माणसाला आपली मावसबहीण आठवायचीच.

आमच्या क्लोतिल्दबाईंचं लग्न काल झालं. तुला माहीतच आहे, या बाईंनी आमच्या गायनमंडळाला कितीतरी वर्षं हातातल्या पेन्सिलीवर नाचवलं. गेल्या हिवाळ्याआधी डॉक्टर म्हणाले की डोंगरातली थंडी छातीला बरी नाही, महिनाभर समुद्राकडे जा. बाई गेल्या. महिना झाला तरी आल्या नाहीत. नाताळात आमच्याकडे टोपलीभर ऑयस्टर शिंपले आले, सोबत चिठ्ठी नाही, आणि वसंतात लग्नपत्रिका आली. नवरदेवाचं नाव बाप्तिस्तँ. शिंपल्यांची शेती करतो, विधुर आहे, हात झाडाच्या सालीसारखे, आणि सगळ्या प्रश्नांना ‘हं’ असं एकच उत्तर देतो. (चौऱ्याहत्तराव्या वर्षी असा नवरा मिळणं हे भाग्यच म्हणायचं. माझा अठ्ठाविसाव्या वर्षी मिळाला आणि तो प्रत्येक गोष्ट समजावून सांगतो.) पत्रिकेच्या खाली बाईंनी हाताने लिहिलं होतं, ‘गायला सगळे मिळून या. सुटे सुटे येणार असाल तर येऊच नका.’

आता हे वाक्य वाचायला सोपं आहे. पण आमच्याकडे गवत कापणीचे दिवस. निम्मं मंडळ शेतात, त्यामुळे ‘सगळे’ म्हणजे राहिलो नऊ जण. मी आणि अल्सिद, फार्मसीवाल्या रुकेतबाई, पाववाला आणि त्याची बायको जिनेत, शाळेतले मास्तर, मधवाली ऑर्तांस, आणि मग नॉर्बेर काल्मेल्स व एवारिस्त पूजे. या शेवटच्या दोघांना एका ‘व’ने जोडायला माझा हात कचरतो, कारण ते चाळीस वर्षांहून जास्त काळ एकमेकांशी बोललेले नाहीत.

कारण तुला अर्धवट माहीत असेल, पूर्ण सांगते. एवारिस्तची ड्रायव्हिंगची शाळा ही आमच्या भागातली एकुलती एक. तू शहरात शिकलीस म्हणून सुटलीस, आम्ही सगळे त्याच्या शेजारी बसून घाम गाळून शिकलो. नॉर्बेर विशीत असताना त्याच्याकडे गेला, आणि एवारिस्तने त्याला परीक्षेलाच बसू दिलं नाही. अजून थोडे धडे घे, अजून थोडे घे, असं वर्षभर चाललं. शेवटी एकदा जत्रेत नॉर्बेर ज्या मुलीला घेऊन आला होता तिच्या देखत एवारिस्त म्हणाला की या पोराला मोटार नको, बैलजोडी द्या, बैलांना निदान रस्ता कळतो. मुलगी हसली. (तीच ही जिनेत. पुढे तिने पाववाल्याशी लग्न केलं. हसण्याचा लग्नाशी काही संबंध नव्हता असं ती आजही शपथेवर सांगते.) नॉर्बेरने मग सैन्यात जाऊन तिथे लायसन काढलं आणि परत येऊन दूधसंघाचा टँकर निवृत्त होईपर्यंत चालवला. बर्फ, धुकं, रस्त्यात बसलेल्या गायी, कशानेही टँकरला ओरखडा आला नाही. पण एवारिस्तशी तो बोलला नाही तो नाहीच. आणि गंमत बघ, एवारिस्तचा खर्ज आणि नॉर्बेरचा वरचा आवाज एकत्र लागले की ऐकणाऱ्याला वाटावं, सख्खे भाऊ आहेत. तालमीत एकमेकांना काही सांगायचं असेल तर ते मला सांगतात, कारण मी मंडळाची चिटणीस. ‘त्याला सांग, तो घाई करतोय.’ ‘त्याला सांग, तो झोपलाय.’ मधल्या मध्ये मला दोघांच्याही चुका पाठ झाल्या आहेत.

तर जायचं कसं, यावर पंचायतीच्या हॉलमध्ये बैठक झाली. मोठी बस ठरवावी तर तीत आम्ही वाटाण्यासारखे घरंगळलो असतो. ट्रेनचा विषय मास्तरांनी काढला आणि कोणत्या दिवशी कोण संपावर आहे हे सांगताना स्वतःच सोडून दिला. आपापल्या मोटारी घ्याव्यात तर पाववाल्याच्या मोटारीत कायम पिठाची पोती, आणि मास्तरांची मोटार चढावर मास्तरांनाच खाली उतरवते. म्हणून भाड्याने घ्यायचं ठरलं. इथवर एकमत. पुढचा प्रश्न असा की दोन छोट्या मोटारी घ्यायच्या की नऊ आसनांची एकच मोठी. वर वर बघता बोलणं डिकीच्या आकाराचं, पेट्रोलचं, टोलचं चाललं होतं. रुकेतबाईंनी गुडघा लांब करण्याच्या हक्कावर फार वेळ घेतला. पण ताई, खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं की दोन मोटारी म्हणजे एक नॉर्बेरची आणि एक एवारिस्तची, आणि वाद त्याचाच आहे. त्यातून एवारिस्तच्या डोळ्यात मोतीबिंदू, त्याला चालवायची मनाई. म्हणजे दुसरी मोटार माझ्या अल्सिदच्या हाती जाणार. अल्सिद काही समजावून सांगायला लागला की दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलतो, हे सगळ्यांना माहीत आहे. हळूहळू सगळे नॉर्बेरच्या मोटारीत बसायला तयार झाले आणि दुसऱ्या मोटारीत अल्सिद, एवारिस्त आणि सामान उरलं. तेव्हा मी उठून पत्रिकेतली बाईंची ओळ मोठ्याने वाचली. मोठी गाडी ठरली. नॉर्बेर मला म्हणाला, ‘त्याला सांग, मागच्या रांगेत बसायचं.’ एवारिस्त म्हणाला, ‘त्याला सांग, मागून जास्त चांगलं दिसतं.’

रोदेझला गाडी घ्यायला मी आणि नॉर्बेर गेलो. कंपनीचं नाव लिहीत नाही, माणसं भली होती. काउंटरवरच्या बाईंनी नॉर्बेरचं लायसन बघितलं. ते जुनं गुलाबी, तीन घड्यांचं, आतल्या फोटोत नॉर्बेरला केसही आहेत आणि मिशाही. बाईंनी फोटोकडे बघितलं, नॉर्बेरकडे बघितलं, परत फोटोकडे बघितलं आणि सहानुभूतीने शिक्का मारला. मग विम्याचं पुराण सुरू झालं. काच फुटली तर हा विमा, टायर फाटलं तर तो, हरणं-रानडुकरं आडवी आली तर आणखी तिसरा. नॉर्बेर सगळ्याला मान डोलवत होता. शेवटी बाई गोड आवाजात म्हणाल्या की एक तेवढं लक्षात ठेवा, गाडीचं छप्पर कुठल्याच विम्यात बसत नाही. वरून काही लागलं तर ते तुमचं. नॉर्बेर हसून म्हणाला की मी छपराने गाडी चालवत नाही.

वेबसाइटवरच्या चित्रात गाडी पांढरी होती आणि खाली बारीक अक्षरांत ‘किंवा तत्सम’ असं होतं. तत्सम म्हणून जी बाहेर आली ती काळी, काळ्या काचांची, लांबलचक, थेट शववाहिकेसारखी. (वाटेत एका गावात म्हाताऱ्याने आम्हाला बघून टोपी काढली आणि छातीवर क्रूसाची खूण केली. पाववाल्याने आतून हात हलवला, त्याने म्हाताऱ्याची अवस्था आणखी वाईट झाली.) पण रंगाचं काही नाही. खरी भानगड म्हणजे गाडीला क्लच नव्हता. गिअर आपोआप पडायचे. आता ज्या माणसाचा डावा पाय जन्मभर टँकरचा क्लच दाबत आला त्याला तू सांग की आजपासून हा पाय बिनकामाचा. पाय ऐकेल का? नॉर्बेरचा डावा पाय दर थोड्या वेळाने क्लच शोधायला निघायचा, त्याला रुंद ब्रेक सापडायचा, आणि आम्ही नऊच्या नऊ जण पुढच्याला नमस्कार घालायचो. गावातून सगळ्यांना घेऊन निघालो तेव्हा चर्चच्या कोपऱ्यापर्यंत तीन नमस्कार झाले. ऑर्तांसच्या मांडीवर पाच किलो चीजचं चाक होतं (क्लोतिल्दबाईंना आहेर), ते प्रत्येक वेळी मास्तरांच्या पाठीत जायचं.

मागच्या रांगेतून एवारिस्त म्हणाला, ‘मोरिसेत, त्याला सांग, डावा पाय सीटखाली दुमडून ठेव.’

मी मधल्या रांगेत. सांगितलं नाही. पण गाडी म्हणजे काही हॉल नव्हे, सगळ्यांनीच ऐकलं होतं. नॉर्बेरची मान लाल झाली. मियोच्या उंच पुलावर, जिथे सगळं जग खाली दरी बघतं, आम्ही आठ जण नॉर्बेरचा डावा पाय बघत होतो. खरं सांगायचं तर सल्ला बरोबर होता, आणि पुलानंतर नॉर्बेरने पाय दुमडलाही. गाडी लोण्यासारखी चालायला लागली. त्याबद्दल मागच्या रांगेतून एक समाधानाचा ‘हम्म’ आला, आणि तो मला वाटतं नॉर्बेरला सगळ्यात जास्त लागला.

शुक्रवारी संध्याकाळी सेतला पोचलो. हॉटेल कालव्याच्या काठावर, आणि गाडी ठेवायला हॉटेलखालचं तळघर. उतारावरून आत जाताना छताला साखळ्यांनी टांगलेली एक लाल-पांढरी दांडी होती, तिच्यावर उंची लिहिलेली. नॉर्बेर दबकत दबकत गेला. दांडी आणि छप्पर यांच्यातून एखादं बोट गेलं असतं. आम्ही टाळ्या वाजवल्या. एवारिस्तनेही वाजवल्या, मी वळून बघितलं.

तिथे थांबलं असतं तर किती बरं झालं असतं. पण मग जेवण झालं. मासळीचा दाट रस्सा आला, सोबत लसणाची चटणी, आणि बाटल्या लवकर लवकर रिकाम्या झाल्या. वेटरने सहज विचारलं की एवढी मोठी गाडी कोणी चालवली. एवारिस्तचा चांगला हेतू होता, यावर माझा विश्वास आहे. त्याला कौतुकच करायचं होतं. पण त्याला कौतुकाचा सराव नाही. तो म्हणाला की चालवली आमच्या नॉर्बेरने, आणि वाईट नाही चालवली, मी एके काळी याला बैलजोडी सुचवली होती. टेबलावर कोणी हसलं नाही, पण वेटर हसला. जिनेतने ताटात बघितलं. नॉर्बेरने रुमाल घडी घालून ठेवला आणि माझ्याकडे बघून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की उद्या मागच्या रांगेत बॅगा असतील, आणि ज्यांना बॅगांवर बसायचं नाही त्यांच्यासाठी बस असते.

मी दोघांच्या मध्ये बसले होते, नेहमीसारखी. या वेळी कोणी मला ‘त्याला सांग’ म्हणालं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्याकडे काही काम नव्हतं, आणि मला रडू येईल असं वाटलं.

सकाळी एवारिस्तच्या खोलीची किल्ली काउंटरवर होती आणि एवारिस्त नव्हता. नॉर्बेर कॉफी पीत होता. रुकेतबाई म्हणाल्या की चला, आता पाय लांब करता येतील, आणि मग त्यांनाच ते बोलणं आवडलं नाही, त्या साखर ढवळत बसल्या. आम्ही बाईंच्या लग्नात गुराख्यांचं जुनं गाणं म्हणणार होतो. त्याचं पहिलं कडवं एकट्या खर्जाचं. मास्तर म्हणाले, मी म्हणून बघू का? त्यांनी म्हणून बघितलं. हॉटेलचा कुत्रा उठून बाहेर गेला.

तरी निघायला तर हवंच होतं. बॅगा भरल्या, चीज भरलं, आठ जण बसलो. नॉर्बेरने गाडी चढावर घेतली, आणि वर टक्क असा आवाज आला.

सगळे श्वास रोखून. नॉर्बेर खाली उतरला, बघितलं. दांडी छपराला टेकली होती. मागे घेतली, परत हळूच पुढे आणली. टक्क. काल संध्याकाळी जी गाडी आत आली ती आज बाहेर जाईना. मास्तरांनी चष्मा पुसला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि निकाल दिला: काल गाडीत एवारिस्त होता.

तू एवारिस्तला शेवटचं कधी बघितलंस कोण जाणे. मध्यंतरी तो आणखी भरला आहे. आणि तो बसायचा अगदी मागे, चाकांच्या वर. त्याच्या वजनाने गाडी जेवढी खाली बसत होती, तेवढंच आमचं नशीब होतं. मास्तर म्हणाले, टायरमधली हवा सोडू. नॉर्बेर म्हणाला, आणि भरायची कशाने, तुमच्या तोंडाने? हॉटेलच्या माणसाने पाण्याच्या बाटल्यांचे खोके आणून दिले, ते मागे रचले. टक्क. अल्सिदला डिकीत आडवं केलं. टक्क. (तिथे आडवा पडूनही तो मला तरफेचं तत्त्व समजावत होता.) पाववाला म्हणाला, जोर लावून जाऊ दे, काय होईल? नॉर्बेर म्हणाला की छपराला विमा नाही. मग दांडीकडे बघत खूप वेळ उभा राहिला. बूझीगला अकराला लग्न. शेवटी त्याने चावी खिशात टाकली आणि मला म्हणाला, ‘चल.’

एवारिस्त लांब गेलाच नव्हता. कालव्यापलीकडच्या कॅफेत, बाहेरच्या टेबलावर, बॅग मांडीला लावून बसला होता आणि तिथली ती मसालेदार ऑक्टोपसची पोळी खात होता. बस गेली होती. मला वाटतं ती त्याने जाऊ दिली. आम्ही समोर उभे राहिलो. त्याने पोळी खाली ठेवली.

नॉर्बेर मला म्हणाला, ‘याला सांग...’ आणि थांबला.

मी वाट बघितली. कॅफेवाली बाई फडका हातात घेऊन आमच्याकडे बघत होती. मी म्हटलं, नॉर्बेर, तो इथेच बसलाय, हाताच्या अंतरावर. आज मी काही सांगणार नाही.

कालव्यातून एक होडी गेली. नॉर्बेरने तिच्याकडे बघितलं, ती पुलाखालून जाईपर्यंत बघितलं. मग म्हणाला, ‘एवारिस्त, तुझ्याशिवाय गाडी खाली बसत नाही.’

इतक्या वर्षांनंतरचं हे पहिलं वाक्य. मी कधी कधी कल्पना करायचे की ते काय असेल. हे नव्हतं त्यात.

एवारिस्तने सगळं विचारून घेतलं. दांडी किती वर, किती टेकते, काय काय करून बघितलं. अल्सिदला डिकीत घातल्याचं ऐकून त्याला बरं वाटलेलं दिसलं. मग खाली बघत, पोळीचा कागद घडी करत म्हणाला, ‘जत्रेत मी ते बोलायला नको होतं. तू चालवायचास चांगलं. मला तुझी भीती वाटायची, फार वेगात शिकत होतास. मला वाटलं, हा उद्या स्वतःची शाळा काढेल.’

‘मला कुठे शाळा काढायची होती,’ नॉर्बेर म्हणाला. ‘मला जिनेतला फिरवून आणायचं होतं.’

कॅफेवालीने उरलेल्या पोळीचे पैसे घेतले नाहीत.

तळघरात एवारिस्त सगळ्यांच्या आधी मागच्या रांगेत चढला आणि गाडी, ताई, हुंकारल्यासारखी खाली बसली. मग तो परत उतरला. म्हणाला की असं नाही होणार, वजन चाकांवर हवं, आणि कोणी कुठे बसायचं ते त्याने ठरवलं. रुकेतबाईंना गुडघ्यासकट मागे पाठवलं. मास्तरांना खाली फरशीवर बसवलं. मला पुढे नॉर्बेरच्या शेजारी, कारण मी हलकी. स्वतः मागे जाऊन तिथून त्याने नॉर्बेरला सांगायला सुरुवात केली. आता मधे मी नव्हते. पाय ब्रेकवरून सावकाश उचल. गॅस देऊ नकोस, तिला आपली आपण चढू दे. थांब. आता सगळ्यांनी श्वास सोडा. (श्वासाचा उंचीशी काय संबंध ते विचारू नकोस, आम्ही सोडला.) वर काहीतरी सरकल्याचा आवाज आला, पावाच्या सुरीने पाव कापताना येतो तसा, आणि मग उजेड.

नॉर्बेरने गाडी रस्त्यावर वळवली. आरशात बघितलं.

‘आता बसवलं असतंस परीक्षेला?’

एवारिस्तने विचार केला. तो खोटं बोलत नाही, हा त्याचा मोठा दोष आहे. म्हणाला, ‘नाही. वळताना दिवा दिला नाहीस.’

पहिल्यांदा जिनेत हसली. मग नॉर्बेर. तो असा हसला की परत ब्रेकवर दोन्ही पाय पडले आणि चीज मास्तरांच्या डोक्यावरून पुढे आलं.

बूझीगला आम्ही उशिरा पोचलो, पण लग्न लावणारे मेयरही उशिरा आले होते आणि बाप्तिस्तँला कसलीच घाई नसते. काळी गाडी दाराशी थांबलेली बघून वऱ्हाडातल्या दोन बायका दचकल्या. काळ्या काचांमधून एकामागून एक आम्ही नऊ जण चुरगळलेले उतरलो आणि क्लोतिल्दबाईंनी पायरीवरून मोजलं. नऊ झाल्यावर मान हलवली. निळा ड्रेस होता, केसांत पांढरं फूल, आणि दिसत होत्या काय सांगू, साठीच्या.

सह्या झाल्यावर आम्ही आवारात गाणं सुरू केलं. एवारिस्तने पहिलं कडवं उचललं, छान उचललं. दुसरं नॉर्बेरचं. तिसऱ्याला दोघं एकत्र, आणि तिथे घोळ झाला. दोघं एकमेकांकडे बघून गायला लागले. इतकी वर्षं ते आपापल्या समोरच्या भिंतीकडे बघून गायचे, त्यामुळे तालात असायचे. आता एक थांबला की दुसरा सभ्यपणे थांबायचा, एकाने उचललं की दुसरा वाट द्यायचा, आणि आम्ही मागचे सात जण वाहून चाललो. लोक माना तिरक्या करून ऐकत होते. तेवढ्यात नवरीने हातातला गुच्छ मेयरांच्या छातीवर ठेवला, पुढे आली आणि दोन्ही हात वर केले. नॉर्बेरकडे असं बघितलं, एवारिस्तकडे तसं बघितलं, आणि आम्ही एका क्षणात रुळावर आलो. शेवटचा स्वर त्यांनी इतका वेळ धरायला लावला की मेयरांनी घड्याळ बघितलं. मग त्यांनी हात खाली घेतले आणि नवऱ्याकडे वळून विचारलं, कसं वाटलं. बाप्तिस्तँ म्हणाला, ‘फार सुंदर.’ वऱ्हाडातले लोक सांगत होते की हे त्याचं वर्षातलं सगळ्यात मोठं वाक्य.

पुढचं काय सांगू. ऑयस्टर, गोड मस्कात वाइन, तलावाच्या काठावर पंगत, आमच्या चीजची वाखाणणी. नॉर्बेर आणि एवारिस्त शेजारी बसले होते. मी कान देऊन ऐकलं. ते चंद्र-ताऱ्यांचं काही बोलत नव्हते, चालत्या गाडीत गिअर आपोआप पडण्यात काय मजा आहे यावर त्यांचं भांडण चाललं होतं. मला मध्ये पडावं लागलं नाही. मी अल्सिदला उठवलं आणि आम्ही पाण्याकाठी एक चक्कर मारून आलो. किती दिवसांनी असं निवांत वाटलं, ते तुला इथे बसल्याशिवाय कळायचं नाही.

बरं, जेवणाची हाक आली. मावशीला माझा नमस्कार कळव, खोकल्याला थंड पाणी पिऊ नकोस, आणि सुलतानला माझ्यातर्फे कानामागे खाजव.

तुझी मावसबहीण,
मोरिसेत

ता. क. सहज लिहिते. बाई आता इथेच राहणार, त्यामुळे आमच्या मंडळाला कोणी चालवणारं उरलं नाही. मास्तर तयार आहेत, हे लिहिलं की तुला परिस्थिती कळेल. तू जन्मभर संगीत शिकवलंस, निवृत्त झालीस, एकटी असतेस, आणि आमचं मंडळ तुला आता या पत्रातून चांगलंच कळलं आहे: साधी, मनमिळाऊ, शिस्तीची माणसं. आठवड्यातून एक तालीम. घर आमच्याकडे आहेच, वरची खोली ऊन येणारी. नाही म्हणायला तू पूर्णपणे मोकळी आहेस.

ता. क. २. ‘मोकळी आहेस’ हे जरा घाईत लिहिलं. काल पंगतीत बाईंनी उठून सगळ्यांसमोर जाहीर केलं की त्यांच्या जागी मोरिसेतची मावसबहीण येणार. मी त्यांना फक्त एवढंच म्हटलं होतं की मला एक मावसबहीण आहे. टाळ्या झाल्या. एवारिस्त उठून उभा राहिला. आता तूच सांग, अशा वेळी मी काय बोलायला हवं होतं.

ता. क. ३. हे टपालात टाकायचं राहूनच गेलं. परतीची वाट तुझ्या लोदेव्हवरूनच आहे, गाडी रोदेझला उद्या सकाळी द्यायची आहे, आणि सगळ्यांचं मत पडलं की अशा गोष्टी टपालावर सोडू नयेत. तेव्हा मी आत्ता हे तुझ्या दारातल्या पेटीत टाकते आहे. आम्ही समोर चिनाराच्या झाडाखाली उभे आहोत, काळी गाडी, घाबरू नकोस. नॉर्बेर म्हणतो, तिला निवांत वाचू दे, घाई करायची नाही. तू सावकाश विचार कर. ‘हो’ म्हणायचं असेल तर दार उघड. ‘नाही’ म्हणायचं असेल तरीही उघड, रुकेतबाईंना बूझीगपासून बाथरूमला जायचं आहे.